व्हिडिओ खेळांतील असहाय नायक व हिंसा

ज्या व्हिडिओ खेळाच्या कथेत नायक हा भ्यालेला, जखमी, शोकाकुल अथवा अननुभवी माणूस म्हणून रंगविलेला असतो, परंतु ज्याच्या नियमांनुसार त्याच नायकाकडून शेकडो प्रतिपक्ष्यांचा वध करविला जातो, त्या खेळात कथा व क्रीडा यांच्यामध्ये निर्माण होणारा विरोध. कॅनडातील खेळरचनाकार क्लिंट हॉकिंग याने २००७ मध्ये बायोशॉक या खेळाची समीक्षा करताना ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ ही संज्ञा वापरली. मराठीत तिला ‘क्रीडाकथन-विसंवाद’ असे म्हणता येईल. हॉकिंगचा मूळ आक्षेप असा होता, की या खेळाचे नियम खेळाडूला स्वार्थ साधण्याची मुभा देतात, कथा मात्र त्याला दुसऱ्याच्या साहाय्यास जाण्यावाचून पर्याय ठेवीत नाही. पुढे ही संज्ञा प्रामुख्याने कोमल नायक व त्याच्या हातून घडणारा संहार यांतील विसंगतीसाठी रूढ झाली.

व्हिडिओ खेळ हा एकाच वेळी खेळ आणि आख्यान असतो. खेळ म्हणून त्यात नियम, डाव, गुण व जयपराजय असतात. आख्यान म्हणून त्यात पात्रे, प्रसंग व भाव असतात. हे दोन घटक पूर्वीच्या कलांत बहुधा वेगवेगळे नांदत. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाकडील सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरात, त्यांची तीन पारंपरिक रूपे जवळजवळ आढळतात : सावंतवाडीची गंजिफा हा कथेवाचूनचा खेळ, पिंगुळीची चित्रकथी हे खेळावाचूनचे आख्यान आणि आख्यानातच युद्ध खेळून दाखविणारे दशावतारी नाटक. व्हिडिओ खेळांतील विरोध कशामुळे उद्भवतो, हे या तीन रूपांच्या तुलनेने स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : व्हिडिओ खेळांत युद्धाला आरंभापासून स्थान आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६२ मध्ये तयार झालेल्या स्पेसवॉर या खेळात दोन अवकाशयाने परस्परांवर मारा करीत. जपानी रचनाकार तोमोहिरो निशिकादो याच्या स्पेस इनव्हेडर्स (१९७८) या खेळात परग्रहवासीयांच्या रांगा पाडाव्या लागत. याचे एक कारण तांत्रिक होते. नेम लागला की चुकला, लक्ष्य उरले की नष्ट झाले, हे संगणकाला सहज मोजता येते. क्षमा, पश्चात्ताप वा समेट यांचे मोजमाप तितके सोपे नसते. शिवाय माऱ्याचा परिणाम पडद्यावर तत्क्षणी दिसतो आणि खेळाडूच्या कौशल्याची पावती त्याला लगेच मिळते. अशा खेळांतील नायक म्हणजे एक यान, तोफ वा ठिपका असे. त्याला चेहरा नसल्यामुळे त्याच्या कृत्यांना नैतिक अर्थही नसे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही स्थिती पालटली. रेसिडेंट ईव्हिल (१९९६) या जपानी भयखेळात दारूगोळा मुद्दाम अपुरा ठेवण्यात आला. सायलेंट हिल (१९९९) या खेळाचा नायक हरवलेल्या मुलीला शोधणारा एक सामान्य पिता असून शस्त्र चालविण्यात तो सराईत नाही. पुढे नटांच्या हालचाली व आवाज ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित करून पात्रांना देण्याचे तंत्र प्रगत झाले. नायकाचा कापरा आवाज, डोळ्यांतील पाणी व अंगावरील जखमा दाखविता येऊ लागल्या. नायक असा माणूस झाला. त्याच्याकडून करवून घ्यावयाचे काम मात्र बव्हंशी जुन्या तोफेचेच राहिले.

विरोधाचे स्वरूप : या विरोधाचे वारंवार दिले जाणारे उदाहरण म्हणजे टूम रेडर (२०१३) हा खेळ. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट ही तरुण पुरातत्त्वाभ्यासक असून तिचे जहाज एका निर्जन भासणाऱ्या बेटापाशी फुटते. आरंभी ती जखमी, उपाशी व भयभीत आहे. भुकेपोटी हरिणाची शिकार करतानाही तिला दुःख होते. स्वसंरक्षणार्थ तिच्या हातून पहिला मनुष्यवध होतो, तेव्हा ती हादरून जाते. हा प्रसंग परिणामकारक आहे. परंतु त्यानंतर थोड्याच वेळात ती एकामागून एक माणसे मारू लागते आणि खेळ प्रत्येक वधाबद्दल तिला अनुभवगुण देतो. नेम डोक्यावर बसल्यास ते अधिक मिळतात. कथेच्या हिशेबात एक मृत्यू असह्य ठरतो, तर नियमांच्या हिशेबात तोच मृत्यू कमाई ठरतो. अनचार्टेड या मालिकेचा (२००७ पासून) नायक नेथन ड्रेक हा विनोदी, प्रेमळ साहसवीर आहे. मात्र त्याच्या हातून घडणाऱ्या हत्यांची मोजदाद करणेही कठीण होते. मालिकेच्या चौथ्या भागात (२०१६) एक हजार शत्रू मारणाऱ्या खेळाडूला जे मानचिन्ह मिळते, त्याला निर्मात्यांनी ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हेच नाव दिले. यावरून या टीकेची जाणीव निर्मात्यांनाही असल्याचे दिसते.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. हिंसेचे चित्रण असणे हा प्रस्तुत विरोधाचा विषय नव्हे. रामायण-महाभारतादी ग्रंथांत संहाराची वर्णने विपुल आहेत. नायकाचे दुःख व नायकाचा पराक्रम यांना दोन वेगळी मापे लावणे आणि ती मापे एकमेकांना कधीच भेटू न देणे, हा खरा दोष होय.

रसविरोधाची कल्पना : संस्कृत साहित्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार निराळ्या संदर्भात झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे; म्हणजे क्रोधाने केलेल्या कृत्याचा परिणाम शोकात होतो, असा त्याचा भाव आहे. नाटकाच्या अंकात युद्ध व मरण प्रत्यक्ष दाखवू नयेत, ती प्रवेशकाद्वारे सूचित करावीत, असाही दंडक त्यात आढळतो. नवव्या शतकातील काश्मीरी साहित्यशास्त्रज्ञ आनंदवर्धन याने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात परस्परविरोधी रसांची चर्चा केली आहे. वीर व भयानक हे रस एकाच आश्रयात, म्हणजे एकाच पात्राच्या ठिकाणी, राहू शकत नाहीत; म्हणून वीर नायकाच्या ठिकाणी योजिल्यास भयानक प्रतिनायकाच्या ठिकाणी योजावा, असे तो सांगतो. जे रस लागोपाठ आल्याने एकमेकांना मारक ठरतात, त्यांच्यामध्ये तिसरा रस घालावा, असा दुसरा उपाय त्याने सुचविला आहे.

असहाय नायकाच्या व्हिडिओ खेळात या दोन्ही अडचणी एकत्र येतात. भय आणि वीरता यांचा आश्रय एकच असतो. तसेच शोकाचा प्रसंग बहुधा अशा चित्रखंडात दाखवितात, की ज्यात खेळाडूचा ताबा काही काळ काढून घेतलेला असतो. तो ताबा परत मिळताच युद्ध सुरू होते. मध्ये रसांतराला अवकाशच राहत नाही.

सिंधुदुर्गातील परंपरा : (१) गंजिफा : सावंतवाडीची दशावतारी ⟶ गंजिफा १२० गोल पानांची असते. तीत दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने असतात. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने, तर रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने डावास आरंभ करावयाचा, असा संकेत आहे. ही पाने रंगविण्याची कला मागे पडू लागली असता, सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात तिला पुनरुज्जीवन दिले. या खेळात नृसिंह, परशुराम वा राम हे अवतार केवळ रंगाची खूण म्हणून येतात. परशुरामाच्या पानाने दुसऱ्याचे पान मारले, तरी कोणाला इजा होत नाही आणि कोणाला शोकही होत नाही. नियम पूर्ण असून आख्यान नाही, त्यामुळे विरोधाचा प्रश्न संभवत नाही.

(२) चित्रकथी : कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जतन केल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगविलेली चित्रे एकेक करून प्रेक्षकांसमोर धरतात व वाद्यांच्या साथीने कथा गातात. युद्धाचे चित्र असेल, तर ते किती वेळ समोर ठेवावयाचे आणि पुढील विलाप किती लांबवावयाचा, हे कथेकरी ठरवितो. प्रेक्षकाच्या हाती काहीच नसते. त्याला हळहळता येते, परंतु बाण त्याने सोडलेला नसतो. येथे आख्यान पूर्ण आहे, पण खेळ नाही.

(३) दशावतार : ⟶ दशावतारी नाटके हा प्रकार प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा आहे. कार्तिक-मार्गशीर्षापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या नाटकाला दहिकाला असेही म्हणतात. पहाटे दहीहंडी फोडून त्याची समाप्ती होते. वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर इ. मंडळांची नावे गावांवरून पडलेली आहेत. पूर्वरंगात सूत्रधार, गणपती, सरस्वती व संकासूर यांचे प्रवेश असतात. उत्तररंगात पौराणिक आख्यान होते. पायपेटी, पखवाज व झांज ही मुख्य वाद्ये. संवाद लिहिलेले नसतात. नट ते आख्यानाच्या अनुरोधाने आयत्या वेळी रचतात. स्त्रीपार्टही परंपरेने पुरुषच करतात.

दशावतारातील युद्ध हे नृत्य असते. पखवाज व झांज यांची लय वाढत जाते. दोन योद्धे गिरक्या घेत, पावले टाकीत एकमेकांवर चाल करतात. घाव प्रत्यक्ष लागत नाही, लयीत पडतो. विलापाचे पद ज्या पायपेटीवर व ज्या तालात गाइले गेले, त्याच वाद्यमेळावर युद्धही खेळले जाते. यामुळे रडणारा राजा आणि लढणारा राजा ही दोन माणसे वाटत नाहीत. दुसरे असे, की प्रतिपक्षी बहुधा एकटा असतो आणि त्याला नाव असते. त्याचा प्रवेश, त्याची गर्जना, त्याचा वाद हे सारे वधापूर्वी घडते. पूर्वरंगातील संकासूर तर मालवणी बोलीत विनोद करून प्रेक्षकांना हसवितो व नंतर विष्णूच्या हातून मारला जातो. ज्याचे बोलणे ऐकले त्याचा वध पाहणे, आणि ज्याचे तोंडही दिसले नाही अशा शंभरांचा वध करणे, यांत मोठे अंतर आहे. तिसरे म्हणजे, एका रात्रीत युद्धाचे प्रसंग मोजके असतात. त्यांच्या मध्ये गायन, हास्य व संवाद येतात. आनंदवर्धनाने सांगितलेले रसांतर येथे परंपरेनेच सांभाळले गेले आहे.

राजी : महाराष्ट्रात निर्माण झालेला या विषयाचा उल्लेखनीय नमुना म्हणजे पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा खेळ. तो ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी व ऑक्टोबर २०२० मध्ये इतर यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्‌स या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. नायिका राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी असून असुरांनी तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेले आहे. त्याला शोधण्यासाठी ती निघते. दुर्गा व विष्णू यांच्या संभाषणातून कथा उलगडते आणि तिचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात दाखविले आहेत. आंध्र प्रदेश, केरळ, ओडिशा आदी राज्यांप्रमाणेच पिंगुळीतही छायाबाहुल्यांचा खेळ असल्याने कोकणातील प्रेक्षकाला ही कथनपद्धती परकी वाटण्याचे कारण नाही.

राजी ही लहानखुरी, एकाकी मुलगी आहे; तरीही तिला असुरांच्या टोळ्यांशी लढावे लागते. हा विरोध रचनाकारांनी दोन प्रकारे सौम्य केला आहे. तिची शस्त्रे देवतांनी दिलेली आहेत, त्यामुळे भय मुलीच्या व सामर्थ्य देवतेच्या ठिकाणी राहते. ही एक प्रकारे आश्रयाची विभागणीच होय. तसेच खांबाभोवती गिरकी घेणे, भिंतीवर धावून उलटी उडी मारणे अशा तिच्या लढण्याच्या हालचाली सर्कशीतील कसरतींतून घेतल्या आहेत. दशावतारी नटाप्रमाणे तिचे युद्धही तिच्या कलेचेच रूप धारण करते. असे असले, तरी भावाच्या विरहाचा परिणाम लढाईच्या नियमांवर होत नाही. दुःख कथेत आहे, हातातील त्रिशूळाला त्याचा भार जाणवत नाही.

परिहाराचे मार्ग : हा विरोध टाळण्याचे काही यशस्वी प्रयत्न झाले आहेत. त्यांचे सामान्य लक्षण असे, की नायकाची दुर्बलता केवळ सांगितली न जाता नियमांत उतरविली जाते. ईको (२००१) या जपानी खेळात एक मुलगा काठी घेऊन सावल्यांना हुसकावतो आणि एका मुलीचा हात धरून तिला किल्ल्याबाहेर नेतो. तिला फार वेळ एकटे सोडल्यास सावल्या तिला ओढून नेतात. तेव्हा हात धरणे हाच खेळाचा मुख्य नियम ठरतो. शॅडो ऑफ द कोलॉसस (२००५) या खेळात सोळा महाकाय प्राणी मारावयाचे असतात. प्रत्येक वधानंतर नायकाची काया अधिकाधिक खंगत जाते. ॲम्नीझिया : द डार्क डिसेंट (२०१०) मध्ये नायकाजवळ शस्त्रच नाही, लपणे व पळणे एवढेच त्याला शक्य असते. दिस वॉर ऑफ माइन (२०१४) हा पोलिश खेळ सारायेव्होच्या वेढ्यावरून (१९९२–९६) सुचलेला असून त्यात सैनिक नव्हे, तर नगरवासी नायक आहेत. निरपराध माणसाला लुटले वा मारले, तर पात्र खचते आणि त्याच्याकडून पुढील कामे नीट होत नाहीत. अमेरिकन रचनाकार टोबी फॉक्स याच्या अंडरटेल (२०१५) या खेळात कोणालाही न मारता शेवटास जाता येते. ज्यांना इतर खेळांत अनुभवगुण म्हणतात, ते येथे हत्येचे माप असल्याचे अखेरीस उघड होते.

महाभारतातील अभिमन्यूची कथा हे या तत्त्वाचे जुने व परिचित उदाहरण म्हणून सांगता येईल. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याला अवगत आहे, बाहेर पडण्याची नाही. त्याची असहायता हे केवळ वर्णन नाही. तिच्यामुळेच युद्धाचा शेवट ठरतो. त्यामुळे तो कितीही पराक्रम करो, श्रोत्याला त्याच्या वयाचा विसर पडत नाही.

परिणाम व मूल्यमापन : हिंसक व्हिडिओ खेळांमुळे मुले हिंसक होतात काय, हा प्रश्न पालक व शिक्षक नेहमी विचारतात. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० मध्ये आपला ठराव सुधारून घेतला. अशा खेळांचा ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमक वर्तनाशी अल्प संबंध दिसतो. तथापि त्यांना प्रत्यक्ष हिंसाचाराचे कारण ठरविण्याइतका पुरावा नाही, असे तीत नमूद केले आहे. तेव्हा या खेळांना सरसकट दोष देणे युक्त नाही.

मात्र प्रस्तुत विरोधाचा संबंध वर्तनापेक्षा करुणेशी आहे. खेळाडू हा चित्रकथीच्या प्रेक्षकासारखा केवळ साक्षी नसतो. कळ त्याच्या बोटाखाली असते. नायकाचे अश्रू पाहून त्याला जे वाटले, त्याच्याविरुद्ध कृती तोच पुढील क्षणी वारंवार करतो. अशा वेळी खेळ चालू ठेवण्यासाठी दोहोंपैकी एकाला मनातून वगळावे लागते आणि बहुधा अश्रूच वगळले जातात. ते कथानकाची सजावट म्हणून पाहण्याची सवय लागते. दुर्बल माणसाचे दुःख गांभीर्याने घेण्याची जी शिकवण आख्यानकलेने दीर्घकाळ दिली, तिचा येथे ऱ्हास होण्याचा धोका असतो.

उलटपक्षी, कृती खेळाडूच्या हाती असणे हेच या माध्यमाचे सामर्थ्यही आहे. हात धरणे, शस्त्र खाली ठेवणे, मारल्यानंतर थांबून पाहणे या कृती नाटकात पाहावयास मिळतात, येथे त्या कराव्या लागतात. भारतीय भाषांतील पुराणकथा, लोककथा व इतिहास यांवर खेळ रचणाऱ्यांना दशावतारी परंपरेतून काही व्यावहारिक धडे घेता येतील : प्रतिपक्षी मोजके असावेत व त्यांना वाचा असावी, युद्धाची लय व शोकाची लय एकाच मेळातील असावी, आणि एका प्रसंगानंतर दुसरा येण्यापूर्वी रसांतराला वेळ द्यावा. नायकाची असहायता ज्या खेळात डावाच्या निकालात मोजली जाते, त्या खेळात हिंसा असली तरी तिला अर्थ प्राप्त होतो. जेथे ती मोजली जात नाही, तेथे नायक केवळ नावापुरता माणूस राहतो.